१३० मिमीचा रिफ्लेक्टर (आरशाची दुर्बीण), इक्यू-५ माऊंट (तिला ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक) आणि वाकलेला बोल्ट: आठ महिन्यांनंतर

डिसेंबरातली अमावस्या. कापसाची दुसरी वेचणी आटोपलेली, तूर शेंगांवर आलेली, आणि मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम-४२, वर चढत होता. ध्रुव पोलरस्कोपात, म्हणजे माऊंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत, आणायला अक्ष वर-खाली करणारा अक्षांशाचा बोल्ट अर्धा फेरा पिळला आणि तो हाताला मऊ लागला. लाल टॉर्च धरून पाहिलं तर टोक हातोडी बसलेल्या खिळ्यासारखं पसरलेलं, आटे चेपलेले, दांडा मधोमध वाकलेला. त्या रात्री एकही फोटो निघाला नाही. पुढची अमावस्या महिन्याने. माझा संताप अजून उतरलेला नाही.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहेत: ६५० मिमी फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर), एफ/५ (ते अंतर आरशाच्या पाचपट). त्याच पैशात लेन्सच्या दुर्बिणीपेक्षा मोठं तोंड मिळतं आणि ताऱ्यांभोवती जांभळी किनार येत नाही, म्हणून रिफ्लेक्टर. मला खरं तर २०० मिमीचा हवा होता. नागपूरच्या एका जुन्या निरीक्षकांनी अडवलं. "नळी लहान घे, माऊंट भारी घे," म्हणाले. त्यांचं ऐकलं आणि नळीच्या दुप्पट पैसे माऊंटला घातले. हिशोब साधा आहे. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा, म्हणजे या नळीवर साधारण १.४ आर्कसेकंदाचा. मोटार नसेल तर एका सेकंदात तारा अकरा पिक्सेल ओढला जातो. डीप-स्कायला, म्हणजे तेजोमेघांसारख्या अंधुक गोष्टींना, मिनिटभराच्या फ्रेम लागतात. आरसा कितीही मोठा असो, माऊंट डगमगलं की सगळं वाया.

आता बोल्ट. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका गावाचा अक्षांश. युरोपात तो ५० अंशांच्या आसपास असतो. आमच्या घाटंजी तालुक्यात जेमतेम २०. त्यामुळे माऊंटचा अक्ष जवळजवळ आडवा पडतो. नळी, कॅमेरा, तोल साधणारी वजनं, सगळं उत्तरेकडे झुकतं आणि तो भार बोटाएवढ्या बोल्टच्या टोकावर येतो. शिवाय वजनाचा दांडा जवळपास सरळ खाली लोंबतो आणि तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला अडतो. भारतात माल विकणाऱ्याने हे घेणाऱ्याला आधी सांगायला नको?

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, तुम्ही ओव्हरटाइट केला असेल. वापरातली झीज वॉरंटीत येत नाही." पाच फोन, तीन मेल, आणि शेवटी नव्या सेटचे २४०० रुपये, कुरिअर वेगळं. त्या पैशात युरियाच्या आठ-नऊ गोण्या येतात. मी नाही दिले.

यवतमाळला ट्रॅक्टरचे पार्ट करणाऱ्या लेथवाल्या दादांकडे जुना बोल्ट घेऊन गेलो. त्यांनी तो बोटांत फिरवला, नखाने आटा खरवडला आणि म्हणाले, "हे तं कच्चं लोखंड हाय. याच्यावर कायले भार देता?" ८.८ ग्रेडचा, म्हणजे कणखर पोलादाचा, बोल्ट घेतला, टोक गोल घासलं, वर आडवी मूठ वेल्ड केली. दोन तास, १८० रुपये. जानेवारीपासून तो तसूभर हललेला नाही.

तेव्हापासून माऊंटबद्दल माझं मत बदललं, हेही लिहायला हवं. रागाच्या भरात विकायला काढणार होतो. आता १०० पैकी ८० फ्रेम गोल ताऱ्यांच्या येतात. मात्र बोल्ट फिरवताना त्याच्या समोरचा दुसरा बोल्ट आधी सैल करा आणि नळीचा भार हाताने उचलून धरा. मी आधी हे करत नव्हतो, तेवढी चूक माझी.

घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: डीएसएलआर थेट लावून फोकस येतो का? नुसत्या डोळ्याने बघायच्या रिफ्लेक्टरमध्ये बहुतेकदा येत नाही, कारण सेन्सर कॅमेऱ्यात खोल असतो आणि फोकसर तेवढा आत जात नाही. मग मुख्य आरसा पुढे सरकवत बसावं लागतं. फोटोसाठी बनवलेली नळी थोडी महाग पडते, पण तीच घ्या. कॉलिमेशनची, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवण्याची, धास्ती नको. आठवड्याभरात हात बसतो. एफ/५ मुळे कोपऱ्यातले तारे शेपटीवाले येतात, ते सुधारणारी लेन्स, कोमा करेक्टर, घेईपर्यंत मी फोटोच्या कडा कापतो. लाइट गेली तरी अडत नाही. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी माऊंट चार-पाच तास आरामात चालवते.

जानेवारीच्या अमावस्येला एम-४२ मिळाला: ६० सेकंदांच्या ८० फ्रेम, आणि मधला भाग जळू नये म्हणून ५ सेकंदांच्या २० वेगळ्या. रानडुकरांसाठी बाबा जागलीवर होते. त्यांना कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवली. बराच वेळ ते गुलाबी पंखाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "हे आपल्या वावरातून दिसते?" २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून लोक अंधार पाहायला तिकडे जातात. आमच्या वावरातही तो आहे, फक्त ग्रामपंचायतीचा नवा एलईडी दिवा नळीच्या तोंडाकडे येऊ देऊ नये.

आणि ज्या अक्षांशाने बोल्ट वाकवला, त्यानेच मे महिन्यात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दिला. रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला २२ अंश वर येतो. जर्मनी-इंग्लंडातून तो क्षितिजावर येतच नाही. नळीच्या मधोमध लाखो ताऱ्यांचा गोळा, कडेकडेला सुटे दाणे. त्या रात्री उन्हाळी धुरळा होता, तरी ४५ फ्रेम वापरता आल्या.

आता मृग लागला. सूर्यच मृगात आहे, तेजोमेघ त्याच्या उजेडात बुडालेला. नळीची दोन्ही तोंडं झाकून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती माळ्यावर ठेवली आहे. बोल्ट काढून तेलाच्या फडक्यात वेगळा बांधला आहे.