जुन्या ट्रकचा मागचा हेवी एक्सल: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी दोन धुरांची, आरसीवर 16.2 टन जीव्हीडब्ल्यू (मालासकट एकूण वजन), बीएस-2 काळातली (जुन्या प्रदूषण-नियमांची), टिपर बॉडी, टायर 10.00-20. मागे फुल फ्लोटिंग एक्सल, सिंगल रिडक्शन (वेग एकाच टप्प्यात कमी होतो), हायपॉइड क्राउन-पिनियन (पिनियन हा इंजिनकडून फिरणारा छोटा गिअर, क्राउन हा चाकांकडचा मोठा), रेशो 41/6 म्हणजे 6.83: चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा दांडा) 6.83 फेरे. काम क्रशरवरून खडी आणि डबर ओढायचं. फेरी 15 ते 40 किमीची आणि त्यातला निम्मा रस्ता कच्चा. पुढचं सगळं या वापरावरून लिहिलं आहे. पुणे-नागपूर माल मारणाऱ्याचा अनुभव वेगळा असेल, आणि का वेगळा असेल तेही खाली येईल.

आधी या एक्सलची खरी ताकद. फुल फ्लोटिंगमध्ये गाडीचं वजन एक्सल शाफ्टवर येतच नाही. हब दोन टेपर रोलर बेअरिंगवर बसतो, ती बेअरिंग हाउजिंगच्या नळीवर, आणि वजन थेट तिथे जातं. शाफ्टला फक्त चाक फिरवायचं काम. म्हणून भरल्या गाडीचा शाफ्ट तुटला तरी चाक जागेवरच राहतं. छोट्या गाड्यांच्या सेमी फ्लोटिंग एक्सलमध्ये शाफ्ट तुटला की चाकच बाहेर निघण्याची भीती असते. घाटात वीस-बावीस पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाजवत उतरणाऱ्या गाडीसाठी हा फरक फार मोठा आहे.

दुसरा फायदा दुरुस्तीचा. शाफ्ट काढायला जॅक लागत नाही, चाक खोलावं लागत नाही. दोन्ही बाजूंना ओट (चाकाखालची पाचर) लावा, फ्लँजखाली (शाफ्टच्या बाहेरच्या टोकाची चकती) पसरट घमेलं ठेवा (थोडं तेल येणारच), फ्लँजचे नट काढा. नट निघाले तरी शाफ्ट हलत नाही, कारण स्टडवर कोनाचे बुश दाबून बसलेले असतात. फ्लँजच्या मधोमध तांब्याच्या किंवा पितळी हातोडीने दणका द्या, बुश उडून बाहेर येतात. लोखंडी घण स्टडवर मारू नका, आटे बसतात आणि मग वीस मिनिटांचं काम दिवसभर चालतं. काही फ्लँजना दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट आवळत गेलं की फ्लँज आपोआप उचलतो.

शाफ्ट हातात आला की स्प्लाइनकडे (आतल्या टोकाच्या दातांकडे) नीट बघा. दात सरळ रेषेत असले पाहिजेत. पिळलेल्या सुंभासारखे किंचित तिरके दिसले, तर तो शाफ्ट पुढच्या चढाला जाणार हे धरूनच चाला. स्प्लाइन जिथे संपते तिथे बारीक तिरपी चीर आहे का, हे डिझेलने पुसून, खडू घासून बघता येतं: चिरेतलं तेल खडूवर उमटतं. शाफ्ट बहुतेक वेळा एका झटक्यात तुटत नाही, आधी महिनोन्महिने पिळला जातो. कारण एकच, चिखलात रुतलेली भरली गाडी क्लच सोडून झटक्याने काढणं. एक चाक हवेत गरगरतं आणि मग एकदम पकड मिळते, तो धक्का सगळा शाफ्टवर. डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर तो आधी लावा. मात्र गाडी उभी असताना, चाकं सरळ ठेवून लावायचा आणि बाहेर निघाल्यावर लगेच काढायचा. डांबरी रस्त्यावर लॉक लावून वळण घेतलं तर स्टार-चकरी (डिफरन्शियलमधले छोटे गिअर) तरी जाते किंवा शाफ्ट तरी.

तुटलेल्या शाफ्टचा आतला तुकडा चकरीत अडकून राहतो. तारेचा फास किंवा लांब दांड्याचं लोहचुंबक लावून तो निघतो. नाही निघाला तर गुल्ला (क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियलचा गोळा) खाली घेण्याला पर्याय नाही. आणि तुकडा आत ठेवून नवीन शाफ्ट ढकलायचा प्रयत्न कुणी करत असेल तर त्याच्या हातून पाना काढून घ्या.

आता रेशो, कारण जुनी गाडी घेताना लोक इंजिन ऐकतात, टायर बघतात आणि हे विचारतच नाहीत. 6.83 म्हणजे चढाला आणि कच्च्याला राजा, सपाटीला भिकारी. हिशोब सोपा आहे. 10.00-20 टायर एका फेऱ्यात साधारण 3.2 मीटर जातो. ताशी 60 किमीला चाकाचे मिनिटाला 312 फेरे होतात. टॉप गिअर डायरेक्ट (1:1) असेल तर 6.83 ला इंजिन 2,130 आरपीएमच्या आसपास फिरतं, तर 41/7 म्हणजे 5.86 ला सुमारे 1,830. तीनशे आरपीएमचा फरक. खाणीतल्या कामात तो जाणवतही नाही, हायवेवर मात्र प्रत्येक किलोमीटरला डिझेलच्या रूपाने जाणवतो. लांब पल्ल्याचा धंदा असेल तर 6.83 ची गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

विकणारा सांगेल त्या रेशोवर विश्वास ठेवायचं कारण नाही, मोजता येतो. पुढच्या चाकांना ओट, गिअर न्यूट्रल, मागची एकच बाजू जॅकवर आणि खाली घोडी (लोखंडी आधार). हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून ओट पक्का हवा. प्रोपेलर शाफ्टवर आणि उचललेल्या चाकावर खडूची खूण करा आणि चाक बरोबर दोन फेरे फिरवा. एक चाक जमिनीला धरलेलं असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राउनचा एक फेरा होतो. प्रोपेलर सातला थोडा कमी फिरला तर 6.83, सहाला थोडा कमी फिरला तर 5.86.

तक्रारींची सुरुवात तेलगळतीपासून, कारण सगळ्यात जास्त तीच. पिनियनच्या तोंडाशी तेल दिसलं की मेकॅनिक सील बदलतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेल. पुन्हा सील. दोष बऱ्याचदा सीलचा नसतोच. हाउजिंगवर वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो, तो चिखलाने आणि धुळीने बुजतो. एक्सल तापला की आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून ढकलते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते का बघा. दहा मिनिटांचं काम. खाणीत चालणाऱ्या गाडीला आम्ही दर महिन्याला करतो. ब्रीदर मोकळा असूनही गळती राहिली तर पिनियनच्या फ्लँजवर, सीलची कड जिथे घासते तिथे, नखाने चाचपून बघा. खाच लागली तर नवीन सीलही टिकणार नाही.

हबकडचं सील गेलं तर प्रकरण महाग पडतं. गुल्ल्याचं पातळ तेल हबमध्ये शिरून ग्रीस धुऊन काढतं आणि पुढे ब्रेक लायनरवर जातं. आतल्या टायरच्या आतल्या बाजूला तेलाची काळी रेघ दिसली की त्याच दिवशी ड्रम खोला. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत लावतात, तसं करू नका. गरम झाला की तो पुन्हा तेल सोडतो आणि नेमका उताराला ब्रेक एका अंगाला ओढतो.

हब बांधताना चुकणारी जागा म्हणजे नट. बेअरिंग धुऊन, रोलरांच्या फटींतून ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. हबची पोकळी मात्र गच्च भरू नका, त्याने उष्णता अडकते. नट आवळत असताना चाक दोन्हीकडे फिरवत राहा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट षष्ठांश ते चतुर्थांश वळसा मागे घ्या आणि लॉक करा. डायल गेज असेल तर एंड प्ले (हबचं आतबाहेर हलणं) 0.03 ते 0.12 मिमीच्या दरम्यान यायला हवा. 'घट्ट म्हणजे चांगलं' या समजुतीने जितकी बेअरिंग जळतात तितकी ओव्हरलोडनेही जळत नसतील. पहिल्या 20 किमीनंतर हबवर हाताची पालथी बाजू टेकवा: दोन्ही बाजू सारख्या कोमट असल्या तर ठीक, एकच बाजू चटका देत असेल तर परत खोला.

तेलाबाबत एकच आग्रह. हायपॉइड गिअरमध्ये दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतही जातात. म्हणून त्याला जीएल-5 दर्जाचं ईपी (जड दाब सोसणारं) तेलच हवं, 90 किंवा उन्हाळ्याच्या जड कामाला 85डब्ल्यू-140. सुटं, ड्रममधलं, दर्जा न लिहिलेलं तेल टाकून क्राउनच्या दातांवर ओरखडे आणू नका. उलट हेच जीएल-5 पितळी सिंक्रो रिंगच्या गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच. गाडी सपाटीला उभी करून, लेव्हल प्लगच्या कडेपर्यंत तेल आलं की थांबा. जास्त भरलं तर फेस येतो, एक्सल तापतो आणि सील सुटतं. तेल गाडी चालून आल्यावर गरम असतानाच काढा आणि ड्रेन प्लगचं चुंबक पांढऱ्या फडक्यावर पुसा. करडी, काजळासारखी पेस्ट आली तर काळजी नाही. बोटात टोचणारा कण आला तर बेअरिंग किंवा दात सुटायला लागलाय. चपटा, नखाएवढा तुकडा आला तर गाडी तिथेच ठेवा.

आवाजाबद्दल थोडं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर किंकाळी येते आणि सोडल्यावर जाते (किंवा उलट), तर क्राउन-पिनियन. दोन्ही वेळी घरघर आणि वेगाबरोबर वाढते, तर बेअरिंग. फक्त वळणावर कटकट, तर स्टार-चकरी आणि त्यांचे वॉशर. क्लच सोडताना एकच 'ठक्' आला तर गुल्ला खोलायच्या आधी प्रोपेलरचे क्रॉस (सांधे) हलवून बघा, निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

क्राउन-पिनियन बदलायची वेळ आली तर दोन्ही जोडीनेच घ्या. ती एकमेकांवर घासून तयार केलेली असतात आणि दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात किंवा कळंबोलीत जुने सुटे पार्ट मिळतात, पण एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन जमवला तर महिनाभरात रडायला लागतो. बसवणाऱ्याने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजला पाहिजे. या आकाराच्या गिअरला तो सहसा 0.20 ते 0.40 मिमीच्या आत असतो, नेमका आकडा मॅन्युअलचा. मग तेलात कालवलेला शेंदूर सात-आठ दातांना लावून फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या बाहेरच्या जाड टोकाला असेल तर क्राउन पिनियनजवळ घ्यायचा, आतल्या बारीक टोकाला असेल तर लांब. दाताच्या माथ्यावर असेल तर पिनियन आत, मुळाशी असेल तर बाहेर, आणि ते शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी). 'हाताला बरोबर लागतंय' म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

आता या एक्सलची जी खोड दुरुस्त होत नाही ती. हब-ड्रम धरून हे धूड अर्ध्या टनाच्या वर जातं आणि ते सगळं पाट्यांच्या खाली. रिकामी गाडी खड्ड्यातून उडते, ड्रायव्हरची कंबर जाते, रिकाम्या गाडीचं ब्रेक मारताना मागचं चाक घसटतं. याला इलाज नाही.

आणि ओव्हरलोड. 2018 साली चार टायरच्या एका धुऱ्याची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 झाली, दोन धुरांच्या गाडीची 16.2 वरून 18.5. त्याने जुन्या हाउजिंगचं लोखंड जाड झालेलं नाही, तुमच्या आरसीवरचा आकडाच धरा. हाउजिंग वाकलं की ते तुटत नाही, कुरकुरत राहतं: आतल्या टायरची आतली कड खाल्ली जाते, एकाच बाजूचं हब सील परत परत जातं, त्याच बाजूच्या फ्लँजचे नट सारखे ढिले होतात. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर सील बदलत बसू नका. तापवून सरळ केलेलं हाउजिंग पुन्हा त्याच जागी वाकतं. जुनी गाडी बघायला गेलात तर स्प्रिंग सीटच्या (पाटे बसतात त्या जागेच्या) कडेने वायरब्रश मारा आणि नवीन वेल्डिंगचा पट्टा आहे का बघा. तिथेच यू बोल्टही (पाटे एक्सलला आवळणारे) तपासा. पाटे उतरवून चढवल्यावर भरल्या गाडीने 300 किमी झाले की ते पुन्हा आवळावे लागतात, नाहीतर सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

गाडी टो करून न्यायची असेल तर दोन्ही शाफ्ट काढा, हबच्या तोंडावर पत्रा आणि गॅस्केट लावून नट आवळा. नाहीतर चाकं प्रोपेलर फिरवतात, इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्सच्या वरच्या भागाला तेल मिळत नाही, आणि एक्सलचं दुखणं गिअरबॉक्सला जातं. काढलेले शाफ्ट केबिनमध्ये ठेवण्याआधी त्यांच्यावर खडूने 'डावा' आणि 'उजवा' लिहा. बऱ्याच गाड्यांत दोघांची लांबी सारखी नसते.