पीआयबी फॅक्ट चेक : साडेतीन तारे, तेही दंडुका गेल्यावर

निवृत्तीनंतर भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद माझ्या गळ्यात पडलं. तीस वर्षं दिवाणी कोर्टात बेंच क्लार्क होतो, त्यामुळे सगळ्यांचा समज की मला खरंखोटं वासावरून कळतं. कसलं कळतंय! म्हणून केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) खोट्या बातम्या तपासणारी सेवा ‘पीआयबी फॅक्ट चेक’ वापरायला लागलो. २०१९ पासून आहे, फुकट आहे, शंका आली तर मेसेज त्यांना व्हॉट्सॲपवरच पाठवता येतो.

‘विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, लिंक दाबा’ असलं काही आलं की मी आधी त्यांचं पान उघडतो. ‘खोटं’ अशा लाल शिक्क्याचं चित्र बहुधा तयारच असतं. ते ग्रुपवर टाकलं की पुतण्या दोन दिवस गप्प. एवढ्या कामाला पैकीच्या पैकी.

पण ही सेवा तपासते ते केंद्र सरकारबद्दल पसरलेलं खोटं. सरकारातलाच कुणी सभेत थापा मारून गेला तर? तिथे कायदाही तोकडाच. विरोधी उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) आहे, निवडून आलेला घरी बसू शकतो. स्वतःच्या कामाचे आकडे फुगवायला मात्र रान मोकळं.

अर्धा तारा कापलाय तो वेगळ्याच कारणाने. २०२३ साली केंद्राने माहिती तंत्रज्ञानाचे नियम बदलले : केंद्राच्या कारभाराबद्दलचा मजकूर सरकारी कक्षाने खोटा ठरवला आणि समाजमाध्यमाने तो तसाच ठेवला, तर लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल त्या कंपनीला असलेलं कायदेशीर कवच जाणार. मार्च २०२४ मध्ये ते काम याच पीआयबीच्या कक्षाला दिलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. विनोदी कलाकार कुणाल कामरा वगैरेंच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात त्याआधीच दोन न्यायमूर्तींची मतं फुटली होती, मग प्रकरण तिसरे न्या. चांदूरकर यांच्याकडे गेलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नियम रद्द. पक्षकारानेच निकालपत्र लिहायचं, असं मी तरी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर बंधनं घालायची कारणं मोजून दिली आहेत. अब्रुनुकसानी आहे, न्यायालयाचा अवमान आहे. नुसतं ‘खोटं’ त्यात नाही. आता हा कक्ष शिक्का मारतो आणि आपण वाचतो किंवा वाचत नाही. मला असाच बरा वाटतो.

कापलेला आणखी एक तारा आमच्या रस्त्याचा. परवा एका उमेदवाराने चावडीसमोर ठोकून सांगितलं, चार किलोमीटर डांबरीकरण झालं. माझी स्कूटर दीड किलोमीटरनंतर खडीत शिरते. हे पीआयबीला विचारण्यात अर्थ नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून बांधकाम विभागात माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय, झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली आहे. मुदत तीस दिवसांची, आज अकरावा.