मोक्साचा शेक: कांडी, पेटी की चिकटवायचा तुकडा?

मोक्सा म्हणजे दवण्याच्या भावकीतल्या एका झुडपाची वाळवलेली पानं कुटून, चाळून काढलेला कापूस. जपानीत त्याला मोगुसा म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं. तो पेटवून शरीरावरच्या ठरावीक जागांना शेक द्यायचा. कातडीवर थेट गोळी जाळून व्रण पाडायची पद्धतही चीन-जपानात होती. पण घरी वापरायच्या वस्तूंत कातडी आणि निखारा यांच्यात अंतर राहतं, त्यामुळे आपल्याकडच्या डागण्याशी त्याची गल्लत नको.

कांडी हा घरी वापरायचा साधा प्रकार. साधारण 20 सेंटिमीटर लांब, पावणेदोन सेंटिमीटर जाड, चिरूटच समजा. घेताना दाबून पाहावी. भुसभुशीत कांडीची राख अर्ध्यात कोसळते. आतला कापूस पिवळसर, मऊ हवा. हिरवट असेल आणि काड्या टोचत असतील तर पानं नवीन आहेत, चाळणीही नीट झालेली नाही. अशा कांडीची आच बोचरी लागते, धूरही घशाला लागतो. वेष्टनावर 5:1, 15:1 असे आकडे असतात, म्हणजे एक किलो कापसाला किती किलो पानं लागली ते. पण हा आकडा कोणीही छापू शकतो, भरवसा बोटांवर ठेवावा.

बाहेरचा छापील कागद काढायचा, आतला पांढरा ठेवायचा. मेणबत्तीवर फिरवत मिनिटभर धरली की टोक सगळीकडून लाल होतं; एकाच बाजूने पेटली तर आच तिरकी पडते. मग कातडीपासून दोन ते तीन सेंटिमीटरवर धरायची. करंगळी अंगावर टेकवली की अंतर आपोआप राहतं. दुसऱ्या हाताची दोन बोटं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना ठेवावीत, चटका आधी आपल्याला कळतो. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या किंचित बाहेर ही सुरुवातीला सोपी जागा आहे. दहा-पंधरा मिनिटांत कातडी गुलाबी झाली की पुरे. राख सेंटिमीटरभर साठायच्या आत वाटीत झटकायची. पडलेल्या राखेनेही चटका बसतो.

विझवणं हे खरं किचकट काम. पाण्यात बुडवली तर कापूस फुगतो आणि कांडी वाया जाते. पेटतं टोक कोरड्या वाळूच्या किंवा तांदळाच्या बरणीत खुपसावं आणि वीस मिनिटांनी हात लावून बघावं. वरून काळी दिसली तरी गाभा धुमसत असतो.

धुराचं मात्र काही करता येत नाही. वास गांजासारखा येतो, शेजारी चौकशीला येतील. पडद्यांत तो दोन दिवस राहतो. दमेकऱ्याच्या घरात हा प्रकार नकोच. बिनधुराची कोळशाची कांडी यावर उपाय म्हणून विकतात. ती पेटायला फार वेळ घेते आणि एकदा पेटली की आच झपाट्याने चढते. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

लाकडी पेटीत कांडीचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा जाळीवर ठेवून ती पोटा-पाठीवर ठेवतात. हात मोकळे राहतात, पण लक्षही सुटतं. दहा मिनिटांनी तळ तापतो, कूस बदलली की राख सांडते. जाळी दुहेरी नसेल तर घेऊच नका.

पहिल्यांदा करणाऱ्याला जपानी चिकटवायचे तुकडे बरे. सेन्नेनक्यू या ब्रँडमध्ये चिकुबुशिमा सौम्य, इबुकी त्याहून कडक. छोटी नळकांडी कागदी बैठकीवर असते, पेटवायची, चिकटवायची. चटका वाटला की लगेच काढायची, 'सोसू थोडं' म्हटलं की फोड ठरलेला.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी हे स्वतः करू नये. ताप असताना, चेहऱ्यावर, जखमेवर नको. गरोदरपणी पोटावर नकोच. बाळ पायाळू असेल तर पायाच्या करंगळीच्या नखाजवळच्या बिंदूला शेक देतात. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2023च्या आढाव्यानुसार नेहमीच्या देखभालीला याची जोड दिल्यास प्रसूतीवेळी बाळ डोक्याकडून नसण्याची शक्यता बहुधा कमी होते. पण ते डॉक्टरांना विचारूनच. बाकी दुखण्यांवर पुरावा तोकडा आहे. आखडलेल्या कंबरेला ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवीही चालते, आणि ती पडदे खराब करत नाही.