ट्रक शिकायचा तर कुठून? कंपनीचं ट्रेनिंग, ड्रायव्हिंग स्कूल की किन्नरकी

साखर, हळद, बेदाणा, द्राक्षं, कुपवाड आणि शिरवळ एमआयडीसीचा माल. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यातून गाड्या वर्षभर भरून निघतात आणि चांगला ड्रायव्हर मिळत नाही ही मोटार मालकांची कायमची ओरड आहे. त्यामुळे ट्रक शिकायचा विचार करणाऱ्या पोराला वेड्यात काढायचं काही कारण नाही. प्रश्न एवढाच, शिकायचं कुठे. पूर्वी दोनच वाटा होत्या: किन्नर म्हणून, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर-मदतनीस म्हणून, चढायचं नाहीतर ड्रायव्हिंग स्कूलला पैसे भरायचे. आता काही मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या स्वतःच्या खर्चाने शिकवतात, हेवी लायसन्स काढून देतात आणि बदल्यात ठरावीक काळ त्यांच्याकडेच नोकरी करायचा बाँड लिहून घेतात.

कुठूनही गेलात तरी कायदा तोच. वय 20 पूर्ण हवं. हलक्या गाडीचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं हवं, त्याशिवाय हेवीचं लर्निंग निघत नाही. डॉक्टरचा दाखला आणि मान्यताप्राप्त स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे तिथे शिकल्याचा दाखला, लागतो. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, त्यामुळे शाळा लवकर सुटलेल्यांनी मागे राहू नये. मधलं वर्ष वाया घालवायचीही गरज नाही. नोव्हेंबर 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे विशी ओलांडली असेल तर छोटा हत्ती किंवा पिकअपवर हात बसवता येतो.

कंपनीच्या ट्रेनिंगचं पारडं माझ्या मते जड आहे. पैसे लागत नाहीत हे झालंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे भरलेली गाडी चालवायला मिळण्याची शक्यता जास्त असते. रिकामी गाडी मैदानात आठ आकड्यात फिरवणं वेगळं आणि वीस टन माल घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरणं वेगळं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. वेग इंजिनाने धरायचा आणि ब्रेक राखून ठेवायचा. सारखा ब्रेक दाबत राहिलं की ब्रेकचे लायनर तापतात, ब्रेकच्या हवेचा काटा खाली येतो आणि ऐन वळणावर पायाखाली काही उरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजूनही भेटतात. नव्या गाडीत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की डिझेल तसंही बंद होतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत काहीच नाही, जीव मात्र टांगणीला लागतो. हे शेजारी बसून शिकवणारा माणूस जिथे मिळेल, ती जागा चांगली.

ड्रायव्हिंग स्कूल इथेच कमी पडतं. पैसे तुमचे, त्यामुळे बाँड नाही, लायसन्स हातात आलं की तुम्ही मोकळे. पण बऱ्याच ठिकाणी टेस्ट पास होण्यापुरतंच शिकवतात, आणि नवं कोरं हेवी लायसन्स बघून कुणी चौदा टायरी हातात देत नाही. स्कूलच लावायचं असेल तर प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती तास मिळणार ते आधी विचारा. सरकारच्या 2021 च्या नियमांतल्या मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरमध्ये अवजड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत, थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून, 38 तासांचा असतो. समोरचा त्याच्या किती जवळ येतो ते बघा.

किन्नरकीबद्दल मला आदर आहे. ताडपत्री आवळणं, वराईचा (माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचा) हिशोब, बिल्टी म्हणजे मालाची पावती, स्प्रिंगचा पाटा तुटल्यावर रात्री दोन वाजता काय करायचं, हे उस्तादाशिवाय, म्हणजे गाडीच्या मुख्य ड्रायव्हरशिवाय, कोण शिकवणार? कंपनीच्या बंद कंटेनरवर शिकलेल्या पोराला मालावर रस्सी मारता येत नाही, हे खरं आहे. पण ही वाट आता अरुंद झाली. खर्च वाचवायला कितीतरी मालक किन्नर ठेवतच नाहीत. ठेवला तरी उस्ताद चांगला मिळेल याचा भरवसा नाही, आणि उस्तादाला झोप आली की लायसन्स नसलेल्या पोराच्या हातात हायवेवर गाडी येते. त्यात अपघात झाला तर केस पोरावर होते, आणि विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला बघते. किन्नर व्हायचंच असेल तर लर्निंग आधी काढा, आणि त्यावरही शेजारी लायसन्सवाला उस्ताद जागा असल्याशिवाय स्टिअरिंग धरू नका.

आता बाँड, कारण कंपनीच्या वाटेवरचा खरा खड्डा तोच. मुदत किती, रक्कम किती हे सगळे विचारतात. विचारायचं राहतं ते असं: काम केलेल्या महिन्यांप्रमाणे ती रक्कम उतरते का? दोन वर्षांच्या बाँडमध्ये वीस महिने भरले आणि तरी पूर्ण पैसे मागणार असतील तर तो कागद वाईट. कंपनीनेच काढलं तर? टेस्टला नापास झालो तर? शिकताना भत्ता आणि राहायची सोय आहे का? 1872 च्या करार कायद्यात कागदावर आकडा कितीही फुगवला तरी वाजवी भरपाईच मिळते, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. आधी वाचलेलं बरं.

पगाराचंही तसंच. कंपनीत हातात येणारी रक्कम खाजगी मालकाच्या ट्रिप भत्त्यापेक्षा कमी वाटेल. पण पगाराची स्लिप आणि पीएफ असेल तर पुढे स्वतःची गाडी काढताना बँकेत त्याचा उपयोग होतो. रोख भत्त्याचा कागद नसतो.

तेव्हा जत-आटपाडीकडचा, घरात पैसा नसलेला पोरगा असेल आणि बाँड स्वच्छ असेल, तर मी कंपनीच सांगेन. घरची किंवा मामा-काकाची गाडी असेल तर स्कूलमधून लायसन्स काढून घरच्याच माणसाच्या हाताखाली शिकणं सगळ्यात बरं. तिथे बाँडची गरजच काय? दोन्ही नसेल तर ओळखीचा, दारू न पिणारा उस्ताद शोधा, मग गाडी कुठल्याही मालकाची असो.

सहीच्या आधी पेठ नाक्यावर किंवा कराडला थांबणाऱ्या त्याच कंपनीच्या ड्रायव्हरांशी चहा घेत बोला. बाँड संपल्यावरही जे तिथेच टिकलेत त्यांना का टिकलात ते विचारा. आणि दहावीचं सर्टिफिकेट, लायसन्स, आधार यांची फक्त झेरॉक्स द्या. मूळ कागद किंवा सही केलेला कोरा चेक ठेवून घेणाऱ्या ठिकाणाहून उठून या.