हडसन की कॅटलिना : १/७२ मध्ये कोणतं घ्यावं?

दोन्ही दोन इंजिनांची विमानं, दोन्ही अमेरिकी, आणि दुसऱ्या महायुद्धातलं कामही एकच: समुद्रावर गस्त घालायची, पाणबुडी दिसली की बॉम्ब टाकायचे. मी दोन्हींची १/७२ मापाची (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी) मॉडेल किटं बनवली आहेत.

हडसन मुळात प्रवासी विमान. १९३८ मध्ये ब्रिटनला टेहळणी विमानं घाईने हवी होती, म्हणून लॉकहीडने आपल्या मॉडेल १४ च्या पोटात बॉम्बची जागा केली. प्रवाशांच्या खिडक्या तशाच राहिल्या, आणि माझं बिनसलं ते याच खिडक्यांवरून. इवल्याशा काचा आतून चिकटवायच्या. मग फ्युजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन भाग जोडून सांधा घासायला घ्यावा, तर बोटाच्या दाबाने एखादी काच आत पडते आणि पोटात खुळखुळत राहते. ती काढायला वाट नाही. सुपरग्लू लावावा तर त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. फेव्हिकॉलची पकड घासण्यापुढे टिकत नाही. तुमचा हात कदाचित माझ्यापेक्षा हलका असेल, पण माझा उत्साह तिथेच संपला.

इतिहासात मात्र हडसन कुठेच कमी नाही. २७ ऑगस्ट १९४१ रोजी आइसलंडच्या दक्षिणेला यू-५७० या जर्मन पाणबुडीने चक्क एका हडसनपुढे शरणागती पत्करली. देखावा करायचा असेल तर आणखी एक प्रसंग आहे: अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्यामुळे ही विमानं सीमेपर्यंत उडवत आणून पुढे कॅनडात ओढत नेली जात.

कॅटलिनाची अडचण जागेची. पंख ४४ सेंटिमीटर, म्हणजे कपाटाचा अख्खा कप्पा गेला. पंख एका खांबावर आणि चार टेकूंवर तोललेला. गोंद वाळेपर्यंत दोन्ही टोकांखाली पुस्तकांची चळत लावून ठेवावी लागते. पण एकदा सरळ बसला की बसला. मागच्या दोन फुगीर काचा मोठ्या आहेत आणि रंगकाम झाल्यावर बाहेरून लावता येतात. मला एवढंच हवं होतं.

वेगाच्या बाबतीत हडसन सरस, पण तग धरावा कॅटलिनाने. १९४३ पासून क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीच्या कॅटलिना पर्थहून सिलोनमधल्या कोग्गलाला न थांबता येत, सत्तावीस तासांहून जास्त हवेत राहून. प्रवाशांना वाटेत दोनदा सूर्योदय दिसे. याच कोग्गलाहून ४ एप्रिल १९४२ रोजी लिओनार्ड बर्चल हे कॅनडाचे वैमानिक कॅटलिना घेऊन निघाले, त्यांना सिलोनकडे येणारा जपानी आरमारी ताफा दिसला, आणि विमान पाडलं जाण्याआधी त्यांनी बिनतारी संदेश धाडला. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला, पण अचानक नाही. आपल्या हिंदी महासागरातली ही हकिगत शेल्फवर असावी, असं मला मनापासून वाटतं.

कॅटलिनाची चाकं असलेली ५ए आवृत्ती घेतलीत तर नाकात भरपूर शिसं भरा, नाहीतर ती शेपटावर बसते. बर्चल यांची, फक्त पाण्यावर उतरणारी, करायची तर चाकं नकोतच. स्टँडवर ठेवा, वजनाचा प्रश्नच मिटला.