कॅबिनेटचे पंखे बदलल्यानंतरचे काही महिने

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसोबत आलेले पंखे काढून नवे बसवले, त्याला आता बरेच महिने झाले. नव्या वस्तूचं कौतुक पहिल्या आठवड्यात असतंच, म्हणून लिहायची घाई केली नाही. मधल्या काळात पात्यांवर धूळ बसली, ती पुसून झाली, रात्र-रात्र रेंडरिंगही झालं.

जुने पंखे थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्सवर, म्हणजे वेगाचा ताबा नसलेल्या साध्या पॉवर प्लगवर, जोडलेले होते. म्हणजे स्क्रीनवर नुसती पीडीएफ उघडी असली तरी ते १२ व्होल्टवर पूर्ण वेगात फिरणार. त्यात कॅबिनेटच्या छताला आडव्या बसवलेल्या पंख्याचं स्लीव्ह बेअरिंग (साध्या नळीत दांडा फिरणारं, स्वस्तातलं) कुरकुरायला लागलं. हे बेअरिंग उभ्या पंख्यात बरे दिवस काढतं, आडवं टाकलं की लवकर झिजतं. तो छताचा पंखा काढला तो काढलाच, परत बसवला नाही. तापमानात काहीही फरक पडला नाही.

समोर नॉक्टुआ कंपनीचे एनएफ-ए१२एक्स२५ हे १२० मिमीचे, चार पिनवाले (म्हणजे मदरबोर्डला वेग कमी-जास्त करता येणारे) तीन पंखे लावले. मागे हवा बाहेर टाकायला दुसऱ्या एका कंपनीचा स्वस्तातला घेतला, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. खोक्यावरचे आकडे असे: कमाल २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), तासाला १०२.१ घनमीटर हवा, स्थिर दाब (अडथळ्यातून हवा ढकलायचा जोर) २.३४ मिमी पाणी, आवाज २२.६ डेसिबल. यातला डेसिबलचा आकडा मी बघितला आणि सोडून दिला. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे डेसिबल शेजारी ठेवून काही कळत नाही. हवेचा आकडाही पुढे-मागे काहीच अडथळा नसतानाचा असतो. माझ्या कॅबिनेटला समोर जाळी आहे आणि तिच्यामागे धूळ अडवणारा बारीक फिल्टर. अशा ठिकाणी स्थिर दाब चांगला असलेला पंखाच कामाचा. या पंख्यात पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. ती जितकी कमी, तितकी हवा कडेने मागे निसटत नाही.

आता मुद्द्याचं. जोरदार पंखा घ्यायचा तो हळू चालवण्यासाठी. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब चौथाईवर येतो, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने उतरतो. त्याच जातीचा दुसरा पंखा जोडला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे निम्म्या वेगाचे दोन पंखे पूर्ण वेगाच्या एका पंख्याएवढीच हवा देतात आणि हिशेबाने १२ डेसिबलने शांत राहतात. माझे तिन्ही पंखे एरवी ७००-८०० आरपीएमवर असतात. टेबलाखालच्या कॅबिनेटमधून खुर्चीपर्यंत काही ऐकू येत नाही. गेम चालू असताना ११००-१२०० पर्यंत जातात, तेव्हा हवेचा सळसळाट येतो, पण कानाला टोचत नाही. पूर्ण २००० वर मात्र हाही पंखा सरळसरळ आवाज करतो. ‘एकदम शांत आणि एकदम पॉवरफुल’ असं एकाच वेळी हवं असेल तर ते कुठल्याच खोक्यात मिळणार नाही.

खरं डोकं खाल्लं ते मागच्या स्वस्त पंख्याने. वेग हजाराच्या आसपास आला की बारीक हूंऽऽ सुरू, जरा वर-खाली गेला की बंद. बाजूच्या पत्र्यावर तळहात टेकवला तर थरथर हाताला लागायची. स्क्रू काढून रबरी पिना लावल्या (शेपटी पकडीने ओढून घ्यायची, मग उरलेली कापून टाकायची), त्याने पत्र्याची थरथर गेली, पंख्याची स्वतःची हूं उरलीच. शेवटी बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्याचा कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग हा आलेख, असा मांडला की तो ९०० वरून थेट १२०० वर उडी मारतो, मधे रेंगाळतच नाही.

समोरच्या पंख्यांनाही एक गोष्ट करावी लागली. हवा ओढणाऱ्या बाजूला जाळी अगदी चिकटून असेल तर पाती तिच्याजवळून जाताना सूर धरतात. पंखा आणि जाळी यांच्यात रबरी चौकट घालून थोडं अंतर दिलं आणि तो सूर लगेच मावळला. पंखे बदलायच्या आधी हे करून बघा, कदाचित बदलायची गरजही पडणार नाही.

कर्व्हबद्दल अजून एक. मदरबोर्ड बहुधा कॅबिनेटचे पंखे सीपीयूच्या तापमानाला बांधून देतो. ब्राउझर उघडला तरी ते तापमान क्षणात चढतं-उतरतं, आणि पंखे त्याच्यामागे धापा टाकत धावतात. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, या चढउताराची होत नाही. मी पंखे ग्राफिक्स कार्डच्या तापमानाला बांधले आणि वेग बदलायला काही सेकंदांची उसंत दिली. निम्मा त्रास तिथेच संपला. समोरचे तिन्ही पंखे एका स्प्लिटरवर, म्हणजे एका जोडणीचे तीन फाटे करणाऱ्या वायरवर, आहेत. एक पंखा ०.१४ अँपिअर घेतो आणि मदरबोर्डचा हेडर (पंखा जोडायच्या पिना) साधारणपणे १ अँपिअरचा असतो, त्यामुळे ताण नाही. आरपीएम मात्र एकाच पंख्याचा दिसतो.

तापमानात चमत्कार नाही. ग्राफिक्स कार्ड काही अंशांनी थंड राहतं, त्यामुळे त्याचे स्वतःचे पंखे उशिरा जागे होतात, आणि माझ्या दृष्टीने खरी कमाई तीच. उलटा तोटा असा की आता कार्डची कॉइल व्हाइन (त्यातल्या कॉइलची बारीक किणकिण) ऐकू येते, जी आधी घोंघाटात दबलेली होती.

तक्रारी दोन. हे पंखे महाग आहेत, आणि तो तपकिरी-बदामी रंग काचेचं दार असलेल्यांना डोळ्यांत खुपेल. माझं दार पत्र्याचं आहे. समोर सपाट बंद पॅनेल असलेलं कॅबिनेट असेल तर मात्र या पंख्यांवर पैसे घालू नका, हवा आत यायलाच वाट नसेल तर पंखा काय करणार? आणि १४० मिमीची जागा असेल तर १२० बघूच नका. माझ्याकडे ती नाही, त्यामुळे आता मागचा तो हूंकार भरणारा पंखा काढून तिथेही समोरच्यासारखाच बसवणार आहे.