झुरळांसाठी कोंबड्या: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दाराच्या चौकटीला वाळवी लागली म्हणून औषध मारायला माणूस बोलावला होता. आगाऊ पैसे घेतले, आला, आणि थेट अंगणात पंप घेऊन उभा. कोंबड्या मोकळ्या फिरताहेत म्हटलं, तर म्हणे, "वास गेला की सोडा, काही होत नाही." औषधाचं नाव लिहून मागितलं, ते दिलं नाही. परत पाठवला. पैसे अजून आलेले नाहीत, त्याचा राग आहेच, पण खरा राग त्या "काही होत नाही"चा आहे. विष खाऊन लटपटणारं झुरळ कोंबडीला सगळ्यात आधी दिसतं आणि ती ते सोडत नाही. झुरळं मारायला फटीत लावतात त्या जेलमध्ये (चिकट औषधात) अनेकदा फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं. 2017 मध्ये युरोपात कोंबड्यांच्या शेडमध्ये लाल माइटसाठी (कोंबड्यांचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांसाठी) हेच बेकायदा वापरलं गेलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. कोंबड्या पाळायच्या तर हे आधी समजून घ्या.

आता कोंबड्यांबद्दल. किडे मारायच्या कामात त्यांची एकच गोष्ट मला फार खटकते, ती म्हणजे वेळ. दिवेलागणीला कोंबडी खुराड्यात जाते, अंधारात तिला जवळजवळ काही दिसत नाही, आणि झुरळं नेमकी तेव्हाच बाहेर पडतात. म्हणजे कामगार घरी गेल्यावर काम सुरू! सुरुवातीला रात्री मोरीजवळ बॅटरी मारून बघायचे, झुरळं होती तशीच. या कामासाठी कोंबड्या निरुपयोगी आहेत, असंच तेव्हा सगळ्यांना सांगत होते.

मत बदललं ते सरपणाचा ढीग उपसताना. भर सकाळी खालचा ओंडका उचलला आणि तांबडी मोठी झुरळं सैरावैरा पळाली. कोंबड्यांनी एकही सुटू दिलं नाही. एकीने झुरळ चोचीत धरलं की ती पळत सुटते, कारण बाकीच्या मागे लागतात. पळता पळताच ती ते जमिनीवर आपटते, पाय तुटून पडतात, आणि मान वर करून एका दमात गिळते. तेव्हापासून दिवसा आडोसा मी हलवते: विटा, जुनी गोणपाटं, कुंड्या. आता ओंडका सरकल्याचा आवाज आला की त्या कुठूनही धावत येतात. अंगणातून घरात शिरणारी मोठी झुरळं खरंच कमी झाली आहेत.

स्वयंपाकघरातल्या बारीक पिवळट झुरळांना, ज्यांच्या डोक्यामागे दोन काळ्या रेघा असतात, कोंबड्यांचा काहीही उपयोग नाही. ती घराबाहेर पडतच नाहीत. मादी अंड्यांची पेटी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत पोटाशी घेऊन फिरते आणि एका पेटीत तीस-चाळीस अंडी असतात. तिथे फटी बुजवणं, ओटा रात्री कोरडा ठेवणं, आणि जेल लावलंच तर मेलेली झुरळं झाडून बंद कचऱ्यात टाकणं. अंगणात चुकूनही नको.

वाळवीतही तसंच. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी बाहेर पडली की कोंबड्या तुटून पडतात, वारूळ फोडून दिलं तर अधाशासारख्या खातात. पण चौकटीच्या आतली वाळवी त्यांच्या चोचीला लागत नाही. तिथे औषध लागणारच, फक्त औषधाचं नाव सांगणारा आणि कोंबड्या कोंडल्यावरच ते फवारणारा माणूस हवा.

खाद्य सांडू देऊ नका. दाणे रात्रभर पडले की मुंग्या आणि झुरळं तुमच्याच पैशावर वाढतात. मी भांडं संध्याकाळी उचलते आणि खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवते, तेवढ्यानेही बराच फरक पडला.

आणि कोंबड्यांचे डोळे बघत जा. मातीत, ओल्या कचऱ्यात राहणाऱ्या सुरिनाम झुरळातून त्यांना डोळ्यातला जंत होतो. तो आतल्या पातळ पापणीखाली राहतो. कोंबडी सारखा डोळा खाजवते, डोळ्यातून पाणी येतं, पापण्या चिकटतात. असं दिसलं तर घरगुती थेंब टाकत बसू नका, पशुवैद्यकाकडे न्या. दुर्लक्ष झालं तर डोळा जाऊ शकतो.